रोज लाईट जायला हवी

जामसंड्यात लाईट गेली की माणसं तीन प्रकारची होतात. पहिली खात्याला शिव्या घालतात, दुसरी मेणबत्ती शोधतात आणि तिसरी खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन शेजाऱ्यांचीही गेली आहे ना याची खात्री करतात आणि समाधानाने आत जातात. दोन हजार नऊ सालच्या पावसाळ्यात यात चौथ्या प्रकाराची भर पडली. त्या प्रकारात एकच माणूस होता, सहदेव घाडी. लाईट गेली की हा गृहस्थ पुढ्यातलं ताट सारून घड्याळाकडे धावायचा, आणि त्या वेळी त्याच्या तोंडावर जो आनंद दिसायचा तो बघून त्याच्या बायकोला, चंद्रावतीला, काळजी वाटायची.

त्यातून हा माणूस साधासुधा नव्हे. वीज खात्यात एकतीस वर्षं मीटर वाचून निवृत्त झालेला. पंचक्रोशीतल्या एकूण एक घराच्या मीटरखाली त्याचं मान वर करून उभं राहून झालं होतं. तीन वेळा त्याला कुत्रं चावलं, एकदा गाभण म्हशीने खळ्यातून पळवलं, पण वहीतला रकाना रिकामा ठेवून तो कधी कचेरीत परतला नाही. ‘लाईट’ हा शब्दही त्याच्या तोंडी क्वचित यायचा. तो ‘पुरवठा’ म्हणायचा. पुतणीच्या लग्नात अक्षता पडताना अंधार झाला तेव्हा भटजींनी काय झालं म्हणून विचारलं, तर ह्याने मांडवातून ‘पुरवठा खंडित झालो’ असं खणखणीत सांगितलं होतं. अशा माणसाने पुरवठा खंडित व्हावा म्हणून देवाजवळ गाऱ्हाणं घालावं, ही गोष्ट काही उगाच घडली नाही.

जुलैच्या शेवटी कुरियरने एक खोकं आलं. त्यात लॅपटॉप होता, वापरलेला, जुन्या बांधणीचा, उचलला तर पाट्यासारखा जड. चंद्रावतीने आधी त्याला हळदकुंकू लावलं आणि मग हे काय आहे म्हणून विचारलं. सहदेवने सांगितलं, निकेतच्या कंपनीचं काम आहे.

हे खोटं होतं. निकेतला कंपनीच राहिली नव्हती. फेब्रुवारीत मंदीचं कारण सांगून बेंगळूरच्या त्या कंपनीने चाळीस माणसं एका दुपारी घरी पाठवली, त्यात घाडींचा हा एकुलता एक झील, म्हणजे मुलगा, होता. त्याने फोन केला तेव्हा चंद्रावती भजनाला गेली होती. “आयेक सांगा नको, बाबा,” तो म्हणाला, “ती जेवाची नाय.” सहदेवने शब्द दिला आणि पाळला. पाळणं सोपं नव्हतं. चंद्रावतीने तेवढ्यात चार मुलींच्या पत्रिका जमवल्या होत्या, आणि ‘झील बेंगळूराक मोठ्या कंपनीत आसा’ हे वाक्य ती आल्यागेल्याला ऐकवायची. तिने ते सुरू केलं की सहदेव उठून माडाला पाणी घालायला जायचा. भर पावसात माडाला पाणी घालणारा माणूस त्या वाडीत पूर्वी कोणी पाहिला नव्हता.

लॅपटॉपचं काम निकेतने फोनवर समजावून सांगितलं.

“ह्येच्यात जी सिस्टिम आसा ना, ती कोणा एका मालकाची नाय. जगभरातले लोक मिळान लिवतत आणि फुकट वाटतत.”

“म्हंजे श्रमदान,” सहदेव म्हणाला.

“तसाच. त्यातलो बॅटरीचो भाग मी लिवलंय. लाईट आसताना मशीन पूर्ण जोरात चलाक होया. लाईट गेली की आपसूक काटकसरीत जावक होया. परत इली की परत जोरात. मधे एक समतोल म्हणान आसा.”

काटकसर म्हणजे काय हे सहदेवला समजावून सांगायची गरज नव्हती. घाडींचं घर लग्नापासून त्याच खटक्यावर चाललं होतं. त्याने विचारलं ते वेगळंच. “मगे ता थंयच बघ ना. बेंगळूराक लाईट जायत नाय?”

“जाता, पण लगेच जनरेटर चालू होता. काय एक कळणा नाय. खरी लाईट जाता ती आपल्याकडे.”

बेंगळूरकडे नाही असं काहीतरी देवगड तालुक्याकडे आहे, हे सहदेव जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. तो खुर्चीत सावरून बसला. नुसता प्लग काढून भागलं असतं तर गोष्ट वेगळी, पण आमच्याकडची लाईट सरळ जात नाही. आधी दोनदा डोळे मिचकावते, मग पिवळी पडते, मग जाते. आणि येताना अंगात आल्यासारखी येते. निकेतच्या मशीनने हे सोंग ओळखायला हवं होतं.

“चौदा दिवस सलग,” निकेत म्हणाला. “एक पण दिवस चुकाक नको. नवीन आवृत्ती सप्टेंबराच्या शेवटाक भायर पडतली. माझो भाग तेच्यात गेलो तर ह्या कामाक पैसे देणारी एक कंपनी आसा, ती माका घेतली.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “नायतर पुढे काय ता माका ठाऊक नाय.”

खरं सांगायचं तर सहदेवला ह्यात थोडं बरंही वाटलं. इंजिनियरिंगला गेल्यापासून निकेतने बापाकडे कधी काही मागितलं नव्हतं. आईकडे तो लोणचं मागायचा, कोकमं मागायचा, माशांचं तिखलं कसं करायचं ते विचारायचा. बापाशी बोलणं ‘बरे आसास मां’च्या पुढे जात नसे. आणि आज त्याने मागितलं ते नेमकं काय, तर वेळच्या वेळी आकडा बघून वहीत लिहिणं. अख्ख्या जिल्ह्यात हे काम सहदेव घाडीइतकं चोख करणारा दुसरा माणूस नव्हता, हे त्याचं स्वतःचं मत होतं आणि त्याला विरोध करणारं कोणी हयात नव्हतं.

त्याने लांब वही आणली आणि रकाने आखले. तारीख, पुरवठा खंडित झाल्याची वेळ, जाण्यापूर्वी किती वेळा मिचकावला, मशीन आपोआप काटकसरीत गेलं किंवा कसे, बॅटरी वीस टक्क्यांवर यायला लागलेली मिनिटं, आणि शेवटी शेरे. निकेत म्हणाला, “शेरे नको, बाबा. रविवारी फोनार माका नुसते आकडे वाचून दाखवा, मी हयसर भरतंय.” तरी सहदेवने शेऱ्यांचा रकाना ठेवलाच. शेऱ्याशिवायचं रजिस्टर म्हणजे शेंडीशिवायचा नारळ, पूजेला चालत नाही.

पहिले दोन दिवस उत्तम गेले. तिसऱ्या दिवशी लाईट गेली आणि बॅटरी चाळीस मिनिटांत झोपली. मशीन भाकरीच्या तव्यासारखं तापलं होतं. कारण शोधताना सहदेवला दिसलं की लॅपटॉपच्या अंगावर, पाठीमागच्या जाळीसकट, गुलाबी क्रोशाचं आवरण आहे. चंद्रावतीने दोन दुपारी बसून ते विणलं होतं, चार कोपऱ्यांना चार मोर.

“झिलाची वस्तू,” ती म्हणाली, “धूळ बसात म्हणान घातलंय.”

सहदेवने नुसती मान डोलावली. बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं. त्याने मोर घडी करून कपाटात ठेवले आणि वहीत नवीन पानावर पुन्हा ‘दिवस पहिला’ लिहिलं.

दुसरा घात भाई वाळक्यांनी केला. भाई म्हणजे शेजारी, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, आणि सल्ला देण्याच्या कामातून अजून निवृत्त न झालेले. लॅपटॉप आल्यापासून ते रोज संध्याकाळी येऊन बसायचे. यंत्र पूर्वाभिमुख ठेवावं, खाली लाकडी पाट घ्यावा, वहीच्या प्रत्येक पानावर दोन प्रतिष्ठित व्यक्तींची सही घ्यावी, त्यातली एक आपण देऊ, असं बरंच काही त्यांनी सुचवलं. पाचव्या दिवशी पुरवठा खंडित झाला तेव्हा सहदेव घड्याळ बघत होता. भाईंनी तेवढ्यात खिशातून वायर काढून आपला मोबाईल लॅपटॉपच्या कुशीला लावला. अर्धी बॅटरी भाईंच्या मोबाईलने पिऊन टाकल्यावर ते म्हणाले, “सहदेवा, ह्या बरा आसा. लाईट नसताना लाईट.”

वहीत तिसऱ्यांदा ‘दिवस पहिला’ आला. सकाळी मासे घेऊन येणारी मथुरा पाटी उतरवता उतरवता म्हणाली, “दादानू, लोक लाईट गेल्यार खात्याक फोन करतत. तुमी लाईट जायना नाय म्हणान तोंड पाडून बसतास. वयनीनू, हेंका खंयतरी दाखवा.”

ती बोलली त्यात चूक नव्हती, कारण त्या दिवशी सहदेव खरोखरच तोंड पाडून बसला होता. चतुर्थी चार दिवसांवर आली होती आणि गणपती असेपर्यंत भारनियमन नाही, असं जाहीर झालं होतं. सगळ्या वाडीने खात्याला दुवा दिला. गणपतीवरची माटवी बांधताना लोक एकमेकांना ही बातमी पेढ्यासारखी वाटत होते. सहदेवला मात्र कॅलेंडरवर अकरा-बारा कोरे चौकोन दिसत होते आणि त्यांच्या पलीकडे सप्टेंबरचा शेवट.

तो छत्री घेऊन खात्याच्या कार्यालयात गेला. खिडकीमागे गंगाराम होता. ह्या गंगारामला खांबावर चढायला सहदेवनेच शिडी धरली होती, पण खिडकीमागे बसला की गंगारामची भाषा बदलायची.

“बोला, काय तक्रार आहे?”

“तक्रार नाय. माझ्या घराचो पुरवठा, नेहमीसारखो मिचकावत, रोज दोन तास खंडित करूक होयो.”

गंगारामने पेन खाली ठेवलं. “कायमस्वरूपी खंडित करण्याचा नमुना आहे. तात्पुरता खंडित करण्याचाही आहे, त्याला कारण लागतं. रोज दोन तास खंडित करण्याचा नमुना आपल्याकडे उपलब्ध नाही.”

“कारण आसा. चाचणी आसा.”

“कोणत्या कार्यालयाची?”

सहदेव थोडा अडखळला. “जगाची,” तो म्हणाला.

मागे रांगेत कोणीतरी हसलं. एकतीस वर्षं ज्या कार्यालयात त्याच्यासाठी खुर्ची ओढली जायची, तिथे तो हसं होऊन उभा होता. गंगाराम खिडकी सोडून बाहेर आला, त्याला चहाच्या टपरीपाशी घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, “दादानू, सगळा ठीक आसा मां घरात? निकेत बरो आसा?” त्याच्या आवाजात खरी काळजी होती. सहदेवने चहा घेतला आणि बरो आसा म्हणून सांगितलं.

चतुर्थीला निकेत आला नाही. रजा नाही, असं त्याने आईला सांगितलं. चंद्रावतीने त्याच्या वाटणीचे मोदक काढून ठेवले, दोन दिवसांनी ते शेजारी दिले आणि आरतीच्या वेळी फोन पाटाशेजारी धरून ठेवला, पलीकडून टाळ्या ऐकू येतात का बघायला. टाळ्या येत होत्या. एकट्या माणसाच्या टाळ्या कशा असतात ते सहदेवला त्या दिवशी कळलं.

अनंत चतुर्दशी झाली, भारनियमन सुरू झालं आणि पितृपक्षही लागला. “पक्षात नवीन काम आरंभू नये,” भाई म्हणाले. सहदेव म्हणाला, हे नवीन नाही, तीन वेळा आरंभून झालंय. भाईंनी तो सल्ला मागे घेतला, आणि ती त्यांच्या आयुष्यातली तशी पहिलीच वेळ असावी.

ह्या खेपेला सगळं जमून आलं. दुपारी दोनच्या सुमारास लाईट ठरल्यासारखी मिचकावायची, पडायची, मशीनचा पडदा आपोआप मंद व्हायचा, कोपऱ्यात काटकसरीचं हिरवं पान उमटायचं आणि सहदेव मिनिटं मोजत बसायचा. चौऱ्याण्णव. एक्क्याण्णव. त्र्याण्णव. सोन्याच्या काट्यावर तोलावेत असे आकडे. पहिल्या रविवारी त्याने ते फोनवर वाचले तेव्हा निकेत हसला. कित्येक महिन्यांनी हसला. फोन ठेवल्यावर सहदेव मथुरेने दिलेले पेडवे मासे स्वतः साफ करायला बसला, तर चंद्रावती दारात उभी राहून बघत राहिली.

नवव्या दिवशी सकाळी वालावलहून निरोप आला. चंद्रावतीचा थोरला भाऊ जयराम पहाटे गेला. चूल विझवून, अंगावरच्या कपड्यांनिशी दोघं एस्टीत बसली. गाडी तळेबाजाराच्या पुढे गेली तेव्हा सहदेवला सकाळी घाईत बंद केलेला लॅपटॉप आठवला. शेजारी चंद्रावती पदर तोंडात धरून रडत होती. गाडी थांबवा, मला मिनिटं मोजायची आहेत, असं सांगण्याइतका तो अजून बिघडला नव्हता. तो बायकोच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला, आणि त्या हाताखाली त्याचं मन मात्र दोन वाजता लाईट जाईल तेव्हा काय, हेच घोकत होतं. त्याची त्याला लाज वाटली. जयरामने लग्नात त्याला स्वतःच्या हाताने मुंडावळ्या बांधल्या होत्या.

दोन दिवसांनी ती परतली. वही टेबलावर होती. आठ दिवस भरलेले, पुढे दोन ओळी कोऱ्या.

आता इथे खात्यातली एक रीत सांगितली पाहिजे. मीटर वाचायला गेलं आणि घराला कुलूप असलं, तर रकाना रिकामा ठेवत नाहीत. मागच्या तीन वेळच्या आकड्यांची सरासरी काढतात, ती भरतात आणि शेऱ्यात ‘दा. बं. स.’ लिहितात, म्हणजे दार बंद, सरासरी. पुढच्या वेळी खरा आकडा मिळाला की आपोआप फिट्टंफाट होते. ह्यात कोणी कोणाला फसवत नाही. सहदेवने आयुष्यात असे हजारो आकडे भरले होते आणि एकाही माणसाने त्याला खोटारडा म्हटलं नव्हतं. त्याने पेन उचललं. नववा दिवस, त्र्याण्णव. दहावा दिवस, ब्याण्णव. शेरे, दा. बं. स.

त्या वेळी त्याच्या मनात पाप नव्हतं. पण निकेतला फोन करून विचारावं असं आलं होतं, आणि त्याने ते मागे सारलं, हेही खरं. विचारलं असतं तर निकेत म्हणाला असता, परत पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायला महिन्यात दिवस उरले नव्हते.

पुढचे चार दिवस खरे आकडे आले. रविवारी त्याने सगळे वाचून दाखवले. नुसते आकडे, सांगितलं होतं तसे. मामाच्या बातमीने निकेत हळवा झाला होता, तो म्हणाला, “तशात पण तुमी ह्या केलात, बाबा.” सहदेव ‘हूं’ म्हणाला.

आठवडाभर सहदेवच्या मनात दिवाळी होती. निकेतचा भाग नव्या आवृत्तीत घेतला, असं ठरलं. जगातले लोक म्हणत होते की देवगडच्या ह्या अहवालाइतका नीट अहवाल दुसरा आला नाही. सहदेव त्या दिवशी बाजारात कारण नसताना दोन फेऱ्या मारून आला, आणि भाईंना त्याने आपणहून चहा पाजला.

मग एका सकाळी फोन आला. निकेतचा आवाज मऊ होता. चिडला असता तर बरं झालं असतं.

“बाबा, नवव्या आणि धाव्या दिवसाक मशीन चालू होता?”

सहदेवने वही पुढे ओढली.

“मशीन आपली डायरी आपण लिवता, बाबा. काल मी ती काढून सगळ्यांका दिलंय, तशी पद्धत आसा. फिनलंडातल्या एका माणसान बघितल्यान. नवव्या दिवशी सकाळी मशीन बंद पडला ता अकराव्या दिवशी उघाडला. तो म्हणता, बंद मशीनाची मिनिटां कोणी मोजल्यान?”

“दार बंद होता,” सहदेव म्हणाला. “सरासरी घातलंय. शेऱ्यात लिवलंय तसा.”

“शेरे तुमी वाचूक नाय.”

“तू नको म्हणालंस.”

“होय,” निकेत म्हणाला, “मी नको म्हणालंय.”

खात्यात चूक झाली तर ती फायलीत राहायची, फाईल कपाटात आणि कपाटाची किल्ली हरवलेली. इथे सगळंच उघड्यावर होतं. बनावट आकडे, असं त्या गृहस्थाने लिहिलं होतं, आणि ते जगात कोणालाही वाचता येत होतं. खाली नाव होतं ते निकेत घाडी. दोन आकडे खोटे म्हणजे चौदाही संशयित. निकेतचा भाग आवृत्तीतून काढून टाकला गेला.

सहदेव दोन दिवस धड जेवला नाही. चंद्रावतीला वाटलं, भावाचं दुःख ह्यांनाही लागलं. शेवटी त्याने भाईंना सगळं सांगितलं, नोकरीसकट. भाई सल्ला न देता बसून राहिले. मग चष्मा पुसून म्हणाले, “खुलासो पाठवूया.” आणि आयुष्यभराचं कसब पणाला लावून त्यांनी तो लिहिला.

‘विषय : सरासरी आकारणीबाबत खुलासा. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे मेहुणे कै. जयराम यांचे दुःखद निधन झाल्याने अर्जदार दोन दिवस मुख्यालयी उपस्थित राहू शकला नाही. तत्समयी प्रचलित पद्धतीस अनुसरून सरासरी आकडे नोंदविण्यात आले. सदर बाबतीत अर्जदाराच्या मुलाचा कोणताही दोष नाही. त्यास काहीही माहीत नव्हते. सबब त्याचे काम स्वीकारण्यात यावे, ही विनंती.’

शेवटून दुसरं वाक्य सहदेवने स्वतः घालायला लावलं होतं. निकेतने ते सगळं इंग्रजीत करून पाठवलं. त्याने एकही शब्द गाळला नाही, ‘मुख्यालयी’सुद्धा. फिनलंडच्या माणसाचं उत्तर आलं. तुमच्या मेहुण्यांबद्दल वाईट वाटलं, असं त्याने लिहिलं होतं. बारा दिवसांचे आकडे फार चांगले आहेत. पण आवृत्ती बंद झाली आहे; पुढची सहा महिन्यांनी. त्या कंपनीने तेवढ्यात दुसरा माणूस घेतला होता.

दसऱ्यानंतर आठवड्याने निकेत घरी आला. दोन बॅगा आणि एक गुंडाळलेली गादी घेऊन एस्टीतून उतरला. सहदेव स्टँडवर गेला होता. गादी बघून त्याला जे कळायचं ते कळलं. मुलगा वाळला होता, गालाची हाडं वर आली होती. बापाच्या हातातून त्याने जड बॅग काढून घेतली आणि म्हणाला, “चला, आयेन जेवण केला आसात.”

आईने केलंच होतं. बांगड्याचं तिखलं, सोलकढी, भात. मथुरेने न मागता चार बांगडे जास्त टाकले होते. चंद्रावतीला आनंद मावत नव्हता. ती वाढता वाढता बोलत होती, कुठल्या मुलीची आई परवा येणार, कुणाला फोटो दाखवला. मग डाव हातात तसाच धरून तिने विचारलं, “किती दिवसांची रजा घेऊन इलंस?”

निकेतने बापाकडे पाहिलं. सहदेवने भातातला हात थांबवला.

“रजा नाय,” तो म्हणाला. “तेची नोकरी फेब्रुवारीत गेली. माका ठावक होता. तुका सांगूक नाय. दुसरी मिळणार होती ती माझ्या चुकीन गेली. तेची काय एक चूक नाय.”

इतकं सरळ, एका दमात, तो बायकोशी कधी बोलला नव्हता. आता ती रडेल, आपल्याला बोलेल, लपवलं म्हणून आठ दिवस बोलणार नाही, अशी त्याने मनाची तयारी केली होती. निकेत ताटाकडे बघत होता.

चंद्रावती खाली बसली. नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिने मुलाच्या मनगटाला हात लावला, दोन बोटांत ते धरून पाहिलं, आणि विचारलं, “मगे आठ म्हयने तू थंय एकटो काय खाय होतंस रे?”

निकेतने घास उचलला आणि तो ताटात परत ठेवला. सत्तावीस वर्षांचा मुलगा आईपुढे मान खाली घालून रडायला लागला. फेब्रुवारीपासूनचं सगळं त्या रडण्यात होतं, आणि ते लवकर थांबलं नाही.

सहदेव समोर बसून होता. आठ महिने दर रविवारी त्याने मुलाला फोन केला होता. जुलैपासून तर लाईट किती वाजता गेली, किती वेळा मिचकावली, किती मिनिटं टिकली, सगळं एकमेकांना विचारून सांगून झालं होतं. हे एवढं एक त्याने कधी विचारलं नव्हतं. तो उठला, भाताचं पातेलं ओढून मुलाच्या ताटाजवळ ठेवलं, आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला.